गजर ऐकू येत नव्हता: घरी जुळवलेल्या इन्सुलिन यंत्रणेचं प्रकरण

टाइप वन मधुमेहात रात्र सगळ्यात अवघड. दिवसा साखर खाली यायला लागली की हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. स्वतःच्या लक्षात आलं नाही तरी शेजारच्याला कळतं. झोपेत हे सगळे इशारे वाया जातात. या आजारात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. आणि एकदा त्वचेखाली गेलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. संध्याकाळचा अंदाज थोडा चुकला तर त्याचा परिणाम पहाटे तीनला दिसतो. साखर एका डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की काहीतरी गोड पोटात जायला हवं. ५४ च्या खाली मेंदूचंच काम बिघडू लागतं, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला हलवून जागं करायला घरात कुणी नसतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला राहणाऱ्या डेना लुईस यांची २०१३ साली हीच परिस्थिती होती. वयाच्या १४ व्या वर्षी त्यांना टाइप वन मधुमेहाचं निदान झालं होतं. शिक्षण आणि काम संज्ञापन क्षेत्रातलं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा प्रोग्रॅमिंग त्या शिकलेल्या नव्हत्या. अंगावर इन्सुलिन पंप, म्हणजे त्वचेखाली इन्सुलिन सोडत राहणारं छोटं यंत्र, होता आणि साखर सतत मोजणारा सेन्सरही होता. या सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते. तारेवर एक विकर असतं, ते पेशींभोवतालच्या द्रवातल्या ग्लुकोजशी प्रक्रिया करतं आणि त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. तो मोजून दर पाच मिनिटांनी साखरेचा एक आकडा मिळतो, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. साखर ठरलेल्या मर्यादेखाली गेली की छोटा रिसीव्हर वाजतो.

अडचण अशी की लुईस यांची झोप गाढ होती आणि त्या गजरानं त्यांना जाग येत नसे. आवाज मोठा करा, अशी मागणी त्यांनी उत्पादकांकडे करून पाहिली. आवाज पुरेसा आहे, असं उत्तर मिळालं. साखर घसरतेय हे उशाशी ठेवलेल्या यंत्राला माहीत होतं, पण ती माहिती त्या डबीबाहेर पडत नव्हती. फोनवर हवा तितका मोठा गजर लावणं कुणालाही जमतं. त्या फोनपर्यंत आकडा पोचवायचा कसा, एवढाच प्रश्न होता.

या प्रकरणाची सुरुवात इतकी लहान होती, हे मला फार मोलाचं वाटतं. आरोग्यासाठी अंगावर घालण्याजोगं काही बनवायला घेतलं की पहिल्याच दिवशी नाडी, ऑक्सिजन, तापमान, पावलं, झोप असं सगळं एका पट्ट्यात कोंबायचा मोह होतो. लुईस यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे जाग आणणारा आवाज. त्यानंतरची सगळी उभारणी या एका गरजेवर झाली आणि प्रत्येक पुढचं पाऊल आधीचं नीट चालतंय हे दिसल्यावरच पडलं.

आकडा डबीबाहेर काढण्याचं काम देशाच्या दुसऱ्या टोकाला एका वडिलांनी केलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्होनियाचे सॉफ्टवेअर अभियंता जॉन कॉस्टिक यांच्या मुलाला २०१२ मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी, टाइप वनचं निदान झालं. मुलगा शाळेत असताना त्याची साखर आपल्याला कामाच्या ठिकाणी दिसावी, एवढ्यासाठी त्यांनी डेक्सकॉम जी४ या सेन्सरचा रिसीव्हर यूएसबी केबलनं जोडून त्यातली माहिती वाचणारा प्रोग्रॅम लिहिला आणि आकडे इंटरनेटवर चढवले. २०१३ मध्ये त्यांनी हे ट्विटरवर सांगितलं. पुढे त्यांच्या आणि इतर पालकांच्या कामातून ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं. आई-वडिलांच्या फोनवर, अगदी पेबल या स्मार्ट घड्याळावरसुद्धा, मुलाची साखर दिसू लागली. लुईस आणि त्यांचे जोडीदार स्कॉट लाइब्रँड (हे नेटवर्क अभियंता, पुढे दोघांचं लग्न झालं) यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये कॉस्टिक यांच्याकडे तो प्रोग्रॅम मागितला आणि त्यांनी तो देऊन टाकला.

मग रिसीव्हर पलंगाशेजारच्या संगणकाला जोडला गेला, आकडे इंटरनेटवर आणि तिथून फोनवर आले. गजर आता हवा तितका मोठा झाला. लुईस यांनी गजराला प्रतिसाद दिला नाही तर ते स्कॉट यांना दूर बसून दिसायचं. मूळ गरज इथे भागली होती.

पण आकडा हाताशी आला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. साखर खाली गेल्यावर उठवण्यापेक्षा, जाणार आहे हे आधीच कळेल का? त्यासाठी अंगात किती इन्सुलिन अजून काम करायचं बाकी आहे, ते माहीत हवं. जलद काम करणारं इन्सुलिनसुद्धा घेतल्याबरोबर संपत नाही. त्याचा जोर तासा-दीड तासानं सगळ्यात जास्त असतो आणि परिणाम तीन ते पाच तास रेंगाळतो. लुईस किती इन्सुलिन घेतलं आणि किती कर्बोदकं खाल्ली, हे बटणं दाबून नोंदवू लागल्या. त्यावरून प्रोग्रॅम पुढच्या काही तासांचा अंदाज बांधायचा आणि सांगायचा, ‘इतकं इन्सुलिन कमी पडतंय’ किंवा ‘इतकं गोड खावं लागेल’. साधारण वर्षभर हे असं चाललं. यंत्र सल्ला द्यायचं, माणूस तपासून निर्णय घ्यायचा, आणि अंदाज कुठे चुकला ते दुसऱ्या दिवशी हिशेबात सुधारलं जायचं.

प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा काळ मी याच वर्षाला म्हणेन. छंदातून बनवलेल्या बहुतेक यंत्रांना अशी उमेदवारी मिळतच नाही. पडद्यावर आकडा दिसला की यंत्र तयार झालं असं आपण समजतो. इथे मात्र यंत्राच्या हाती काहीही सोपवण्याआधी, त्याचा शब्द किती विश्वासाचा आहे, हे एका जिवंत शरीरावर रोज पाहिलं गेलं. रोजच्या जेवणात, तापात, व्यायामात, प्रवासात.

डिसेंबर २०१४ मध्ये बेन वेस्ट यांची भर पडली. वेस्ट स्वतः टाइप वनचे रुग्ण. मेडट्रॉनिक कंपनीचे ठरावीक जातीचे पंप रेडिओवरून कुठल्या भाषेत बोलतात, हे त्यांनी कित्येक वर्षं खपून उलगडलं होतं. ते काम जोडल्यावर प्रोग्रॅमला पंपाशी थेट बोलता आलं. सेन्सर मोजतो, प्रोग्रॅम ठरवतो, पंप देतो, आणि परिणाम पुन्हा सेन्सरला दिसतो. वर्तुळ पूर्ण झालं. या मंडळींच्या भाषेत ‘लूप बंद झाला’. साहित्य म्हणाल तर एक रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा, स्वस्त संगणक), पंपाची माहिती संगणकावर उतरवण्यासाठी मिळणारी यूएसबी कांडी, आणि बॅटरी. आधी हे फक्त रात्रीपुरतं वापरायचा विचार होता. सकाळी उठल्यावर आकडे इतके चांगले दिसले की दिवसाही ते चालू राहिलं.

इथे थोडं थांबून आतली रचना पाहायला हवी, कारण या प्रकरणाचं खरं कौशल्य तिथे आहे. जीवघेणं ठरू शकणारं औषध एका स्वस्त बोर्डाच्या हाती द्यायचं, ज्याची बॅटरी संपते, ज्याचं वायफाय तुटतं, ज्याचं मेमरी कार्ड खराब होतं. असं बोर्ड बंद पडणार, हे गृहीतच धरलं पाहिजे. मग बंद पडलं तरी माणूस सुरक्षित कसा राहील?

इन्सुलिन पंप दोन प्रकारे इन्सुलिन देतो. दिवसभर थेंबथेंब चालू असतं ते बेसल, आणि जेवणाच्या वेळी एकदम देतात तो बोलस. लुईस आणि लाइब्रँड यांनी पहिल्या रचनेत बोलसला हातच लावला नाही. प्रोग्रॅमला फक्त ‘तात्पुरतं बेसल’ बदलायची मुभा होती, तीही ३० मिनिटांसाठी. दर पाच मिनिटांनी नवा हिशेब होतो आणि गरज असेल तर नवा हुकूम जातो. बोर्ड बंद पडलं, माणूस ते घरी विसरून बाहेर गेला, रेडिओ पोचला नाही, काहीही झालं तरी अर्ध्या तासात तात्पुरता हुकूम संपतो आणि पंप डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या नेहमीच्या बेसलवर परत येतो. म्हणजे यंत्रणा मेली की माणूस काल जिथे होता तिथेच येतो, त्याहून वाईट जागी जात नाही.

दुसरा फायदा हुकमाच्या स्वरूपातच आहे. पंखा तीनवर ठेव, हे दहादा सांगितलं तरी पंखा तीनवरच राहतो. पण चहात एक चमचा साखर घाल, हे दोनदा सांगितलं तर दोन चमचे पडतात. तात्पुरतं बेसल पहिल्या प्रकारचं आहे आणि बोलस दुसऱ्या. रेडिओवर हुकूम पोचला की नाही याची खात्री नसताना तोच हुकूम परत पाठवावा लागतो, तेव्हा हा फरक जिवाशी येतो. (पुढच्या आवृत्तीत अगदी छोटे बोलस आले, पण वेगळ्या तपासण्या घातल्यावरच.)

त्याशिवाय मर्यादा. एका वेळी किती जास्त बेसल चालेल, याला कमाल आकडा. नेहमीच्या हिशेबाच्या वर एकूण किती इन्सुलिन अंगात साठू द्यायचं, यालाही कमाल आकडा. आणि तो सुरुवातीला शून्यच ठेवलेला असतो. म्हणजे नवख्या माणसाची यंत्रणा इन्सुलिन कमी करू शकते आणि कमी केलेलं भरून काढू शकते, पण वाढीव साठा करू शकत नाही. तो आकडा वापरणाऱ्यानं विचारपूर्वक, स्वतःच्या हातानं वाढवायचा. सेन्सरचा आकडा दहा-बारा मिनिटांहून जुना असेल तर प्रोग्रॅम त्यावर इन्सुलिन वाढवत नाही. वाढवलेलं असेल तर ते नेहमीच्या पातळीवर आणतो.

आणि सेन्सर चुकतो, हे इथे कुणी नाकारलं नाही. रक्तातली साखर बदलल्यावर पेशींभोवतालच्या द्रवात तो बदल काही मिनिटांनी पोचतो, म्हणून वेगानं चढताना किंवा उतरताना आकडा मागे असतो. झोपेत सेन्सरच्या कुशीवर वळलं, तर दाबामुळे साखर एकदम पडल्यासारखी दिसते. ही चूक त्यातल्या त्यात सोसवणारी: यंत्रणा इन्सुलिन थोडा वेळ थांबवते, साखर जरा चढते, कूस बदलली की सगळं सुरळीत. उलट दिशेची चूक घातक. त्या काळच्या डेक्सकॉम सेन्सरवर पॅरासिटामॉलचा परिणाम होत असे; तापावर गोळी घेतली की साखर खरी असते त्याहून जास्त दिसायची. अशा खोट्या चढावर भुलून यंत्रणा इन्सुलिन ओतू लागली तर काय होईल? वरच्या कमाल मर्यादा नेमक्या अशा वेळेसाठी आहेत.

आपल्याकडे पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरलं तर रास्पबेरी पाय, ईएसपी३२ ही वायफाय असलेली नियंत्रक चिप, नाडी मोजणारा मॅक्स३०१०२ सेन्सर सहज मिळतात आणि अभियांत्रिकीच्या पोरांचे प्रकल्प त्यावर चालतात. हा नाडीचा सेन्सर लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजतो. बोट नीट टेकलेलं नसतानाही साधा प्रोग्रॅम त्या गोंगाटातून कसलातरी आकडा काढून पडद्यावर दाखवतो. ‘आत्ता मला माहीत नाही’ असं म्हणायला यंत्राला शिकवायचं असेल तर बोट आहे का, संकेत पुरेसा मोठा आहे का, शेवटचं खात्रीचं मोजमाप केव्हाचं, या तपासण्या आकड्याच्या आधी लिहाव्या लागतात. नाडीच्या पट्ट्यात हे राहून गेलं तर फार तर चुकीचा आकडा दिसतो. इन्सुलिनच्या बाबतीत ते राहून चाललंच नसतं, म्हणून या प्रकल्पाचा प्रोग्रॅम प्रत्येक हौशी माणसानं एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. तो खुला आहे.

अंगावर वागवायचं यंत्र म्हणून हार्डवेअरचा प्रवासही सोपा नव्हता. ती यूएसबी कांडी अगदी जवळून बोलायची. पंप एका कुशीला, बोर्ड दुसऱ्या बाजूला, आणि मधे पाण्यानं भरलेलं माणसाचं शरीर. अमेरिकेतले ते पंप ९१६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि त्या लहरी शरीर शोषून घेतं. पुढे इंटेल एडिसन हा काडेपेटीहूनही छोटा संगणक आणि त्यावर रेडिओसह बसणारा एक्सप्लोरर बोर्ड आला, सोबत लिथियम पॉलिमर बॅटरी. हे सगळं खिशात मावू लागलं. आणि २०१७ च्या जूनमध्ये इंटेलनं एडिसन बंद करत असल्याचं जाहीर केलं. रुग्णांच्या या गटाला पुन्हा नव्यानं जुळवाजुळव करावी लागली, आणि रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यूवर बसणारं रेडिओ बोर्ड तयार झालं. ज्यावर झोप अवलंबून आहे असं यंत्र दुसऱ्याच्या बाजारगणितावर उभं असणं, हा या मार्गाचा मोठा धोका आहे.

त्याहून विचित्र अवलंबित्व पंपाचं. जेरोम रॅडक्लिफ या टाइप वन असलेल्या संगणक-सुरक्षा संशोधकानं २०११ मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत आपल्याच इन्सुलिन पंपाला बाहेरून हुकूम देता येतात, हे दाखवून दिलं होतं. नव्या पंपांत असे दरवाजे बंद होत गेले. पण घरगुती लूप चालत होता तो जुन्या पंपांच्या याच उघड्या दरवाजातून. त्यामुळे वॉरंटी संपलेले, कुणाच्या कपाटात पडलेले जुने पंप शोधणं हा या लोकांचा उद्योग झाला. जून २०१९ मध्ये उत्पादकानं सायबर सुरक्षेच्या कारणावरून ते जुने पंप परत मागवले. हा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. अनोळखी माणसानं रस्त्यावरून कुणाला इन्सुलिन देणं शक्य असेल तर ते बंद व्हायलाच हवं. पण रुग्णाला स्वतःच्या पंपाशी बोलण्याचा अधिकृत, कुलूप-किल्लीचा मार्ग त्याच वेळी का दिला गेला नाही, हा प्रश्न उरतो. औषध ज्याच्या अंगात जातं त्यालाच दार बंद असावं, हे मला पटत नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये हे सारं ‘ओपनएपीएस’ या नावानं खुलं झालं. कसं खुलं करायचं, याचाही त्यांनी बारकाईनं विचार केला होता. तयार यंत्र विकलं किंवा वाटलं तर ते वैद्यकीय उपकरण ठरतं आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, मंजुरी लागते. स्वतःसाठी स्वतः बनवलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. म्हणून त्यांनी रचना, प्रोग्रॅम आणि सविस्तर माहिती मांडली. जुळवणी ज्याची त्यानं करायची. यात कायद्याची सोय होतीच, पण सुरक्षेचाही भाग होता. ज्यानं एकेक पायरी स्वतः बसवली, त्याला रात्री दोन वाजता काय बिघडलंय हे समजण्याची शक्यता जास्त. याची दुसरी बाजू अशी की ज्याला वेळ, इंग्रजी, जोडणीचा धीर आणि सेन्सरचा खर्च परवडत नाही, तो बाहेर राहतो.

फायदा खरंच झाला का? लुईस आणि लाइब्रँड यांनी २०१६ मध्ये पहिल्या ४० वापरकर्त्यांपैकी १८ जणांची माहिती प्रसिद्ध केली. साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ७.१ वरून ६.२ टक्क्यांवर आलं होतं, आणि साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ ५८ वरून ८१ टक्क्यांवर गेला होता. आकडे सुखावणारे, पण ते लोकांनी स्वतः कळवलेले, आणि कळवणारे सगळे कमालीचे उत्साही. त्यावरून सर्वसामान्य रुग्णाबद्दल काही ठरवणं योग्य नव्हतं.

ती कसर न्यूझीलंडमधल्या चाचणीनं भरून काढली. ७ ते ७० वर्षांच्या ९७ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला ओपनएपीएसचंच गणित वापरणारी अँड्रॉइड फोनवरची यंत्रणा दिली, दुसऱ्याला सेन्सर आणि पंप दिला पण लूप नाही. २४ आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा ७० ते १८० या पट्ट्यातला वेळ ६१.२ वरून ७१.२ टक्क्यांवर गेला होता, दुसऱ्याचा ५७.७ वरून ५४.५ वर आला होता. दोन्ही गटांचा हिशेब जुळवल्यावर फरक १४ टक्के-अंकांचा, म्हणजे दिवसाला तीन तासांहून जास्त. साखर गंभीररीत्या पडल्याची घटना कुठल्याच गटात झाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. लूपच्या गटातल्या दोघांनी मात्र जोडणी वारंवार तुटते म्हणून चाचणी सोडली, आणि हेही त्या निष्कर्षाइतकंच लक्षात ठेवायला हवं.

धोक्याचीही नोंद आहे. मे २०१९ मध्ये एफडीएनं इशारा दिला, तो अशाच एका घटनेनंतर. एका रुग्णानं मान्यताप्राप्त सेन्सरचा संकेत घेतला, पण त्यावरून साखरेचा आकडा काढायला मान्यता नसलेलं वेगळं यंत्र आणि गणित वापरलं. साखर खोटीच जास्त दिसली, पुढच्या स्वयंचलित यंत्रणेनं त्यावर विश्वास ठेवला आणि इन्सुलिन जास्त गेलं. लूपचं गणित कितीही सावध असलं तरी त्याच्या आधीची कडी बदलली की ती सावधगिरी अपुरी पडते. हौसेच्या कामात आपण दोन वेगळ्या लोकांचे प्रोग्रॅम सहज एकमेकांना जोडतो. दोघांनी मनात धरलेली गृहीतकं जुळतात का, हे कुणीच तपासलेलं नसतं.

डॉक्टरांची अवस्था बरीच वर्षं अवघडलेली होती. समोरच्या रुग्णाचे आकडे उत्तम, पण तो वापरतो त्या यंत्राला मान्यता नाही. त्याला काय सांगायचं? २०२१ च्या अखेरीस अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. अशा रुग्णाला दूर न लोटता त्याच्याशी या यंत्रणेबद्दल मोकळेपणानं बोलावं आणि त्याला साथ द्यावी, असा त्याचा रोख आहे. जानेवारी २०२३ मध्ये एफडीएनं ‘टाइडपूल लूप’ या अ‍ॅपला मंजुरी दिली. त्याचं मूळ आयफोनवर चालणाऱ्या, रुग्णांनी आणि पालकांनीच लिहिलेल्या ‘लूप’ या खुल्या प्रोग्रॅममध्ये आहे. दरम्यान कंपन्यांच्या स्वयंचलित यंत्रणाही आल्या. मेडट्रॉनिकच्या ६७०जी ला एफडीएची मंजुरी सप्टेंबर २०१६ मध्ये मिळाली, लुईस यांचा लूप बंद झाल्यानंतर पावणेदोन वर्षांनी.

ज्याला तयार यंत्रणा मिळते आणि परवडते, त्यानं आज तीच घ्यावी असं मी सांगेन. तिच्यामागे चाचण्या आहेत आणि बिघडली तर जबाबदार कुणीतरी आहे. घरगुती मार्गाची जागा उरते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे जिथे तयार यंत्रणा पोचलेलीच नाही किंवा लाखांत जाणाऱ्या किमतीमुळे पोचू शकत नाही. दुसरी म्हणजे जिथे तयार यंत्रणेतल्या मर्यादा एखाद्या शरीराला बसत नाहीत आणि त्या बदलायची किल्ली रुग्णाकडे नसते.